वाचक विचारतात : पंखातून वाहणारं पाणी

प्रश्न : १९३१ ची श्नायडर ट्रॉफी ही समुद्री विमानांची शर्यत जिंकणाऱ्या सुपरमरिन एस.६बी विमानाच्या फोटोत रेडिएटर कुठेच दिसत नाही. इंजिन थंड कसं राहायचं? नागपूरच्या मे महिन्यात हे विमान अंबाझरी तलावावरून उडवलं असतं तर?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दिसत नाही, कारण पंखाचा पत्राच रेडिएटर होता. ड्युरॅल्युमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या दोन पत्र्यांमध्ये चिंचोळी फट ठेवून त्यातून इंजिनाचं गरम पाणी खेळवत. एस.६बीत फ्लोटचा, म्हणजे विमान पाण्यावर तरंगवणाऱ्या होडीवजा पायाचा, वरचा भागही याच कामाला जुंपला होता. तेल धडाच्या कुशीवरून मागे जाई, शेपटीच्या उभ्या पंखात आतून ओघळत निवे आणि पोटाखालून परत येई. एवढा खटाटोप कशासाठी? बाहेर काढलेला रेडिएटर हवा अडवतो, म्हणून. त्रासही होताच : पत्रा तापला-निवला की सांधे ढिले होतात आणि पाणी पाझरू लागतं.

रोल्स-रॉइस आर इंजिन सुमारे २,३०० अश्वशक्तीचं. पण शर्यतीत थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी झडप) किती उघडायचा, हे पाण्याच्या तापमानाचा काटा ठरवी. वैमानिक बूथमन यांनी ३५० किलोमीटरची शर्यत ताशी ५४७ किलोमीटर सरासरीने संपवली ती हा काटा सांभाळूनच.

आता नागपूर. पाणी ९५ अंश, हवा १८ अंश धरली तर फरक ७७ अंशांचा. आपल्याकडे पारा ४५ वर, म्हणजे फरक ५० चाच. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटली, आणि विरळ हवेचा फटका वेगळाच. विमान उडालंही असतं. पूर्ण थ्रॉटल मात्र विसरा. डिसेंबरची पहाट गाठा. फक्त तळं अगदी आरशासारखं निवांत नको, फ्लोट पाण्याला चिकटून बसतात. थोडी लहर असलेली बरी.

प्रश्न : चाकं का नव्हती? आणि उजव्या फ्लोटमध्ये इंधन जास्त का भरत?
— तेच वाचक

उत्तर : ही ट्रॉफी समुद्री विमानांचीच होती. शिवाय पात्यांचा कोन न बदलणारा प्रोपेलर वेगासाठी बेतलेला असल्याने सुरुवातीला जोर कमी लावतो. त्याला लांब धाव लागते, ती पाण्यावर फुकट मिळे. प्रोपेलर फिरताना विमान उलट्या दिशेला कलतं आणि डावा फ्लोट पाण्यात रुततो. उजवीकडचं जादा इंधन त्यालाच तोलायला. इटलीच्या माक्की एम.सी.७२ ने उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर लावून ही कटकटच मिटवली आणि १९३४ मध्ये ताशी ७०९ किलोमीटरचा विक्रम केला.