कोल्हापूरहून जाऊन शिडाच्या होडीनं विजयदुर्ग ते मालवण जायचं आहे. कोणता महिना धरावा आणि कुठे थांबावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, आणि विजयदुर्ग, देवगड, मालवण असं उत्तरेकडून दक्षिणेकडेच उतरा. कारण वाऱ्याचं आहे. या महिन्यांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा खारा वारा धरतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी मिळतो. परतताना त्याच वाऱ्याला तोंड देत नागमोडी वर चढावं लागतं, म्हणून परतीला वेळ जास्त धरा किंवा होडी मालवणलाच सोडायची सोय बघा. नारळी पौर्णिमेला समुद्र खुला झाला असं आपण म्हणतो, पण तेव्हा पाऊस संपलेला नसतो. छोट्या शिडाला ती घाई नको.

गगनबावड्यावरून तळेरेमार्गे थेट विजयदुर्ग गाठता येतं. वाघोटण खाडीच्या मुखावरचं हे बंदर उत्तम आडोशाचं. तिथून देवगड सुमारे ११ सागरी मैल, तेही चांगलं सुरक्षित. पुढे मालवण साधारण २० मैल, म्हणून पहाटेच निघा. मालवणात सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत. स्थानिक मच्छीमार सोबत असल्याशिवाय आत शिरू नका, अंधारात तर नाहीच. वाटेतल्या लहान खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, तिथे भरती चढत असतानाच आत जा.

मात्र नांगर टाकण्याआधी त्या-त्या बंदर कार्यालयात विचारा. ही बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत.