ब्रूकलँड्सला गेल्यावर काय बघावं?

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये वोकिंगला राहते. उन्हाळ्यात तिच्याकडे जाणार आहे. नातवाला फॉर्म्युला वनचं भारी वेड, म्हणून जवळच्या ब्रूकलँड्स म्युझियमला जायचं ठरलंय. मला गाड्यांतलं काही कळत नाही. तिथे मी काय बघावं?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, अवश्य जा. माझा सगळा जन्म इंजिनं उघडण्यात गेला, तरी मी सांगेन की गाड्यांकडे नंतर वळा, आधी तिथला शर्यतीचा जुना ट्रॅक बघा. ‘मेंबर्स बँकिंग’ म्हणतात त्या वळणावर काँक्रीटचा रस्ता तिरका होत वर चढतो, पार 30 फुटांच्या आसपास. पायथ्याशी उभं राहून वर बघा. इतक्या उतारावर डांबर टाकणं अवघड आणि महाग, म्हणून नुसतं काँक्रीट ओतलं. ते पुढे खचलं, उंचसखल झालं आणि गाड्यांना दणके बसू लागले.

हा खटाटोप कशासाठी? तेव्हा इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा होती. फ्रान्समध्ये शर्यती गाजत होत्या आणि इंग्रज कारखानदारांना आपली गाडी पळवून बघायलाही जागा नव्हती. ह्यू लॉक किंग या जमीनदारानं वेब्रिजजवळच्या स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशानं पावणेतीन मैलांचा ट्रॅक बांधला. खास मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला जगातला पहिला. त्या कामाच्या आणि खर्चाच्या ताणानं त्यांची तब्येत ढासळली, तेव्हा पत्नी एथेल यांनी काम तडीस नेलं. जून 1907 मध्ये उद्घाटन झालं, त्या मिरवणुकीत सर्वांत पुढे एथेलबाईंची इटाला गाडी होती आणि ती त्या स्वतः चालवत होत्या. तरीही बायकांना शर्यतीत उतरू देत नसत, याचा मला आजही राग येतो. 1908 मध्ये बायकांची एक वेगळी शर्यत झाली, ती म्युरिएल थॉम्पसननं जिंकली. पुढे 1935 मध्ये के पेट्रीनं साडेदहा लिटर इंजिनाची डिलाज इथे ताशी 134 मैलांवर नेली. बाईंची उंची पाच फूटसुद्धा नव्हती. तिची गोष्ट नातवाला तुम्हीच सांगा.

आता नेपियर-रेल्टन ही शर्यतीची गाडी. ही मात्र निवांत बघा. विमानाचं 24 लिटरचं इंजिन, बारा सिलिंडर, चार-चारच्या तीन ओळींत बसवलेले. नातवाच्या लाडक्या फॉर्म्युला वनच्या गाडीत इंजिन असतं 1.6 लिटरचं! चंदेरी पत्र्याच्या त्या लांबलचक बॉनेटच्या बाजूनं चालत पुढच्या चाकापाशी जा आणि आत वाकून बघा : ब्रेकच नाही. ब्रेक फक्त मागच्या चाकांना. अशी गाडी घेऊन जॉन कॉब 1935 मध्ये याच ट्रॅकवर सरासरी ताशी 143.44 मैलांनी, म्हणजे सुमारे 231 किलोमीटरनं फिरला. वे नदीवरच्या उंचवट्यावर तिची चारही चाकं जमिनीवरून सुटायची. एका फेरीचा तो विक्रम कुणी मोडला नाही. 1939 मध्ये युद्ध आलं, विमानांच्या कारखान्यांना जागा हवी होती, ट्रॅक काही ठिकाणी तोडला गेला आणि शर्यती कायमच्या थांबल्या.

या वेगाची किंमतही मोजावी लागली. पर्सी लॅम्बर्टनं फेब्रुवारी 1913 मध्ये तासाभरात 100 मैलांहून जास्त अंतर कापलं, जगात पहिल्यांदाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच ट्रॅकवर पुन्हा विक्रमासाठी धावताना टायर फुटला आणि तो गेला. नातवाला हेही कळू द्या. तेव्हाचे चालक सीटबेल्टशिवाय बसत, डोक्यावर बहुधा कापडी टोपी.

गुडघे साथ देत असतील तर टेस्ट हिल चढून बघा. 1909 चा हा चढ सरळ, आखूड आणि शेवटी फार उभा आहे. गाडीचं इंजिन आणि ब्रेक पारखायला बांधलेला. आवारात कॉनकॉर्ड विमानही आहे. नातू तिकडे धावेलच. त्याला मुलीबरोबर पाठवा आणि तुम्ही त्या वेळात जुन्या गाड्या ठेवलेल्या शेड्समध्ये फिरा. पायात बूट घाला, काँक्रीट खडबडीत आहे.