एकाच घरात दोन चिठ्ठ्या

प्रश्न : बाई, ख्रिस्तात सप्रेम सलाम. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला राहते. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. दिवाळीनंतर मालकांनी कारखाना बंद केला. धाकटे दीर चिंचवडला असतात. ते म्हणतात, दादाला इकडे पाठवा, गोडाऊनला काम आहे, महिना १८,००० मिळतील.

३१ डिसेंबरच्या रात्री उपासना झाली की आमच्या चर्चमध्ये वचनाच्या चिठ्ठ्या काढतात, प्रत्येक चिठ्ठीवर बायबलमधली एक ओळ असते. यांना उत्पत्ती १२:१ निघालं, देवाने अब्रामाला आपला देश आणि बापाचं घर सोडून जायला सांगितलं ते. सासूबाईंना स्तोत्र ३७:३ निघालं, परमेश्वरावर भाव ठेव, देशात वस्ती करून राहा. त्या रात्रीपासून घरात दोन पक्ष झालेत. हे म्हणतात, देवाने मला जा म्हटलंय. सासूबाई म्हणतात, मला राहा म्हटलंय. त्यांचं वय ७४, शुगर आहे. मुलगी दहावीला आहे.

दुसरं मनातलं सांगते. २०२१ मध्ये असंच एक वचन धरून आम्ही दोन जुने माग घेतले. सुताचे भाव चढले, वर्षभरात माग विकावे लागले. पतसंस्थेचे १,४०,००० अजून फेडायचे आहेत. तेव्हा देवाने आम्हांला चुकीची वाट दाखवली का? की आम्हांलाच नीट ऐकू येत नाही? आता कशावर भरवसा ठेवू?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, सलाम. तुमचं पत्र वाचून मला माझी आई आठवली, म्हणून आधी तिचं सांगते.

माझी आई विड्या वळायची. १९८१ साली मी डी.एड. झाले आणि दोन शाळांतून बोलावणं आलं. एक शाळा इथेच शहरात होती. दुसरी अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात होती, तिथली पोरं घरी कन्नड बोलायची आणि शाळेत मराठी शिकायची. मी आठवडाभर प्रार्थना केली, काहीच सुचेना. मग एका संध्याकाळी पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं, डोळे मिटले, मधूनच कुठेतरी उघडलं आणि बोट ठेवलं. निघाला पहिला इतिहास, वंशावळी. अमक्याचा मुलगा तमका. त्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय बहुतेक नावांनीच भरलेले आहेत. मला रडू फुटलं.

आई समोर सूप घेऊन बसली होती. पत्र्याच्या मापाने पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, बोटांत घट्ट गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. हजार विड्या झाल्याशिवाय तिचा दिवस संपत नसे, म्हणून बोलताना तिचे हात कधी थांबत नसत. त्या दिवशी थांबले.

"डोळं मिटून बोट ठिवलंस," ती म्हणाली. "देवानं डोळं कशाला दिल्यात मग?"

आणि तिने विचारायला सुरुवात केली. त्या गावात राहायची सोय काय? तुझ्या आधी कोण बाई होती, ती का गेली? पगार वेळेवर होतो का? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी त्या गावाला जाऊन आले. दोन खोल्यांची शाळा, एकच गुरुजी, आणि पहिलीच्या वर्गात एक मुलगी पाटीवर 'घर' लिहून ते कन्नडमध्ये वाचत होती, 'मने'. येताना बसमध्ये माझं मन ठरलं होतं. मी तिथे ११ वर्षं शिकवलं. पहिली दोन वर्षं फार जड गेली, रात्री एकटीने रडले आहे. पण देवाने मला तिथे नेलं याविषयी आज माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आता तुमच्या चिठ्ठ्या. वर्षाच्या पहिल्या रात्री एक वचन हातात घेऊन घरी जाणं ही चांगली रीत आहे. माझ्याही शास्त्राच्या पानांत अशा कितीतरी जुन्या चिठ्ठ्या आहेत, काहींची शाई उडाली आहे. पण चिठ्ठीवर एकच ओळ मावते. पुढच्या ओळी शास्त्रातच राहतात, आणि तुमच्या घरात भांडण लागलंय ते त्या राहिलेल्या ओळींमुळे. म्हणून आज रात्री जेवणं झाली की दोन्ही अध्याय पूर्ण वाचा. मुलीला मोठ्याने वाचू द्या.

यांच्या चिठ्ठीचा अध्याय, उत्पत्ती १२. देवाने अब्रामाला जा म्हटलं, पण गावाचं नाव सांगितलंच नाही, मी दाखवीन एवढंच म्हटलं. पाचव्या ओवीत तो बायकोला, पुतण्याला, सगळा बारदाना घेऊन निघालेला दिसतो. दहाव्या ओवीत तर ज्या देशात देवाने नेलं तिथेच दुष्काळ पडतो आणि तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जातो. तिथे भीतीपोटी बायकोला बहीण म्हणायला लावतो. ताई, विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतो आपण ज्याला, त्याने वाटेत ही एवढी मोठी चूक केली. देवाने त्याला तिथे सोडून दिलं नाही. तेराव्या अध्यायात तो त्याच जुन्या वेदीपाशी परत आलेला आहे.

सासूबाईंच्या चिठ्ठीचं स्तोत्र ३७. तिसऱ्या ओवीवर थांबू नका. एकविसावी ओवी कर्जाची आहे, दुर्जन उसनं घेतो आणि फेडत नाही म्हणते. तेविसावी आणि चोविसावी ओवी मी तुमच्यासाठीच वाचते आहे असं समजा. मनुष्याची पावलं परमेश्वर स्थिर करतो, आणि तो पडला तरी सपशेल पडत नाही, कारण परमेश्वर त्याचा हात धरून सावरतो. पडला तरी, असं लिहिलंय. मार्ग दाखवणारा देव आपल्या पडण्याचाही हिशोब ठेवूनच हात धरतो.

तुमच्या मागांचं उत्तर मला तिथे दिसतं. देवाने तुम्हांला फसवलं नाही. तेव्हा कदाचित तुम्ही दोघांनी घाई केली, वचन धरलं आणि सुताचा भाव, विजेचं बिल, जुन्या मागाची दुरुस्ती यांचा हिशोब मांडायचा राहिला. कदाचित हिशोब मांडूनही बुडालं असतं, कारण २०२१ मध्ये सूत इतकं महागलं की जुने कारखानदारही हलले. यातलं खरं काय ते मला इथून सांगता येणार नाही. पण तेव्हा हात सुटला नव्हता. आज घरात चूल पेटते आहे, मुलगी दहावीपर्यंत आली आहे.

नीतिसूत्रे ३:५ तुम्हांला पाठ असेल. 'आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.' मुलांना शिकवताना मी त्या 'च'वर बोट ठेवायची. बुद्धी वापरू नकोस असं तिथे म्हटलेलं नाही. तिच्यावर एकटीवर सगळा भार टाकू नकोस, एवढंच. पुढच्या ओवीत आपल्या मराठीत 'तो तुझा मार्गदर्शक होईल' आहे. मूळ हिब्रूत वाटा सरळ करील असा अर्थ आहे. वाट सरळ करायची तर आधी कुणीतरी तिच्यावर चालत असावं लागतं.

चिठ्ठ्यांबद्दल आणखी एक. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, प्रेषितांची कृत्ये १:२६. पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर नव्या करारात मंडळीने चिठ्ठी टाकून काही ठरवल्याचं दिसत नाही. सोळाव्या अध्यायात प्रेषित पौलाला आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात, जायला आत्म्याने अडवलं, बिथुनियातही जाऊ दिलं नाही. त्रोवस गावी रात्री 'मासेदोनियात या' असा दृष्टान्त झाला तो एकट्या पौलाला, पण अर्थ लावला सगळ्यांनी मिळून. 'आम्ही' असा शब्द आहे तिथे. मग मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात पहिली भेटली ती लुदिया, जांभळी वस्त्रं विकणारी बाई. तिचं गाव थुवतीरा, त्याच आशिया प्रांतातलं, जिथे पौलाला जाऊ दिलं नव्हतं. आणि थोड्याच दिवसांत पौल आणि त्याचा सोबती सीला त्याच फिलिप्पै शहराच्या तुरुंगात फटके खाऊन बसले होते. वाट बरोबर होती तरी.

तेव्हा तुमच्या घरातही 'आम्ही' म्हणून बसा. यांनी, सासूबाईंनी, तुम्ही. मुलीलाही बसवा, तिचंही वर्ष आहे. सासूबाईंना वचन काय निघालं ते विचारू नका, भीती कशाची वाटते ते विचारा. मला वाटतं, परक्या गावात मरण आलं तर मला कुठे ठेवतील, हे त्यांच्या मनात असेल. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून हे मी पुष्कळदा ऐकलंय. नवऱ्याच्या कबरीशेजारी जागा हवी असते त्यांना. हे एकदा मोकळेपणी बोललं गेलं की अर्धा विरोध ओसरेल.

जे देवाने उघड सांगितलंय त्याला चिठ्ठी लागत नाही. आईला सांभाळायचं, तिमथ्याला पहिले पत्र ५:४. घेतलेलं फेडायचं. या दोन गोष्टी कागदावर वर लिहा आणि खाली दिरांना विचारायचे प्रश्न लिहा. १८,००० हातात येणार की कापून? काम कंपनीत की ठेकेदाराकडे? पाळी आठ तासांची की बारा? खोलीचं भाडं किती? पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याला त्यातून निघतो का?

माझं मत विचाराल तर, मुलीची परीक्षा होईपर्यंत घर हलवू नका. यांना एकट्याला महिनाभर दिरांकडे जाऊन काम बघू द्या. चिंचवड काही मिसर नाही, शनिवारी रात्री निघालं तर रविवारच्या उपासनेला माणूस सोलापुरात असतो. जाण्याआधी पाळकसाहेबांना घरी बोलावून प्रार्थना करून घ्या, आणि पतसंस्थेत स्वतः जाऊन हप्त्याची मुदत मागा. महिन्याने काय दिसलं ते मला कळवा. मी रोज पहाटे तुमच्या चौघांची नावं घेते आहे, म्हणजे नावं ठाऊक नाहीत, 'टॉवेलवाल्यांचं घर' म्हणते. त्याला कळतं.

प्रश्न : साक्ष देताना सगळे म्हणतात, देव माझ्याशी बोलला. एस.टी.त ३० वर्षं गाडी चालवली, रोज प्रार्थना करून स्टिअरिंग धरलं. मला कधी आवाज आला नाही. माझा विश्वास कमी आहे का?
— निवृत्त चालक, होटगी रोड

उत्तर : दादा, नाही. मलाही कानांनी कधी ऐकू आला नाही. रोज प्रार्थना करून तुम्ही गाडी चालवलीत, एवढे प्रवासी घरी पोचवलेत. शास्त्रातलं एस्तेरचं पुस्तक काढा. हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, दृष्टान्त नाही, आवाज नाही. राजाला एका रात्री झोप लागत नाही, तो जुनी दप्तरं वाचून घेतो, आणि तिथून सगळं फिरतं. सहावा अध्याय. दहाच अध्यायांचं पुस्तक आहे, दुपारी चहाच्या आत वाचून होईल.