विचारा की! : बँकॉकचा फ्री डे आणि सासूबाईंचे गुडघे

मागच्या अंकात लिहिलं होतं की फिरण्याबद्दल काय पण विचारा, तर निम्मी पत्रं बँकॉकचीच आली. सांगलीतनं एवढी माणसं तिकडं जातात हे मला ठाऊकच नव्हतं. एक पत्र जरा सविस्तर घेते, बाकीची पटापट.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही विश्रामबागला असतो. मी, मिस्टर आणि सासूबाई (वय ७२) ग्रुपबरोबर बँकॉक-पटायाला चाललोय, त्यात चौथा दिवस फ्री डे आहे, फ्री डे म्हणजे ट्रॅव्हल्सची गाडी नाही आणि जेवण पण नाही, तुमचं तुम्ही बघा. हॉटेल सुखुमवितला असोक स्टेशनजवळ आहे. सगळा ग्रुप मॉलला जाणार म्हणतोय पण सासूबाई म्हणतात मॉल मी पुण्यात बघितलाय. त्यांचे गुडघे दुखतात, आम्ही जैन आहोत, कांदा-लसूण पण नाही, आणि इंग्रजी आमचं यथातथाच. एका दिवसात काय बघून होईल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचंच ऐका. एकच दिवस आहे ना, मग नदी सोडू नका एवढंच माझं म्हणणं आहे. बँकॉकमध्ये बघण्यासारखं जे जुनं आहे ते सगळं चाओ फ्राया नदीच्या काठाला चिकटून आहे, आपल्या कृष्णाकाठासारखं, आणि रस्त्यावरचं ट्रॅफिक असं की टॅक्सीत बसलात तर अर्धा दिवस लाल दिव्याकडं बघण्यातच जाईल. मेट्रो, बोट, मेट्रो, असा दिवस काढा, गुडघ्यांना पण तेच बरं.

सकाळी सातला निघा. आपल्यापेक्षा तिकडचं घड्याळ दीड तास पुढं आहे, त्यामुळं सातला निघायचा कंटाळा येणार, पण ऊन चढलं की काय खरं नाही. असोकवरनं स्कायट्रेन, म्हणजे पुलावरनं धावणारी मेट्रो, पकडायची, सियामला गाडी बदलायची, आणि सफान टाक्सिनला उतरायचं. स्टेशनच्या खालीच धक्का आहे, साथॉर्न नावाचा. तिथं टुरिस्टांची निळ्या झेंड्याची बोट असते आणि लोकांची भगव्या झेंड्याची. आपण भगवी घ्यायची. मी गेले तेव्हा १६ बाथ तिकीट होतं, बाथ म्हणजे तेव्हा साधारण अडीच-पावणेतीन रुपये पडायचे. ऑफिसला जाणारी माणसं, शाळेची पोरं, भिक्षू, सगळे एकाच बोटीत. भिक्षूंची उभं राहायची जागा वेगळी राखलेली असते, तिथं आपण घुसायचं नाही, आणि बायकांनी भिक्षूंना हात लावायचा नाही, चुकून धक्का पण नको, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. बोट धक्क्याला लागली की फार वेळ थांबत नाही, त्यामुळं मिस्टरांनी आधी उतरून हात द्यायचा. आयर्विन पुलावर उभं राहून पूर बघणाऱ्या माणसांना नदीची काय भीती, पण आमच्या सासूबाई पहिल्यांदा बोटीत बसल्या तेव्हा उतरेपर्यंत रामरक्षा म्हणत होत्या.

था चांग नावाच्या धक्क्याला उतरा. तिथनं राजवाडा चालत पाच-सात मिनिटं. आता इथं नीट लक्ष द्या, कारण इथंच मी फसलेय. राजवाड्याच्या भिंतीजवळ एक इस्त्रीच्या शर्टातला सभ्य माणूस भेटला, गळ्यात कार्ड वगैरे, हसून म्हणाला आज प्रार्थना आहे, राजवाडा दुपारी एकपर्यंत बंद, तोपर्यंत माझ्या ओळखीचा टुकटुकवाला, म्हणजे रिक्षावाला, तुम्हाला वीस बाथमध्ये तीन देवळं दाखवेल. देऊळ एकच दाखवलं, ते पण बाहेरनं, आणि मग रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं दुकान. दोन तास गेले आणि मिस्टर आजपर्यंत तो सूट घालत नाहीत, बाह्या लांब झाल्यात. राजवाडा बंद आहे हे गेटवरच्या माणसाशिवाय कुणाचंच ऐकायचं नाही. सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं.

तिकीट ५०० बाथ, डोक्याला. महाग आहे, पण इथं कंजुषी करू नका. कपड्यांचं म्हणाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, साडीला काही अडचण नाही, नऊवारी नेसलात तर लोक तुमचाच फोटो काढतील. मिस्टरांनी बर्म्युडा घातला तर मात्र गेटवरनंच परत.

आत काय आहे, तर आवारातल्या देवळात पाचूचा बुद्ध. नाव पाचूचा, मूर्ती खरी हिरव्या दगडाची, आणि उंची फक्त ६६ सेंटिमीटर, एवढ्या उंचावर बसवलीय की सासूबाईंना चष्मा लागणार. पण तिची गोष्ट त्यांना आवडेल : उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे वर्षातनं तीनदा या मूर्तीचे सोन्याचे कपडे बदलतात आणि ते खुद्द राजा बदलतो. आत फोटो काढायचा नाही, आणि बसताना पायाचे तळवे मूर्तीकडं करायचे नाहीत.

मूर्ती बघून गर्दी लगेच बाहेर पळते, तुम्ही मात्र देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत थांबा. तिथं सावली आहे, गुडघ्याला विसावा आहे, आणि भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. त्यांच्या रामायणाला रामकियन म्हणतात. रावणाला म्हणतात थोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ, चेहरा हिरवा. हनुमान पांढराशुभ्र. पण सासूबाईंना आधी सावध करा, कारण तिकडचा हनुमान ब्रह्मचारी नाही! सेतू बांधताना रावणाची मुलगी सुवर्णमच्छा, अर्धी मासोळी अर्धी बाई, दगड पळवून नेत असते, तिला पकडायला हा पाण्यात उतरतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. बहे-बोरगावच्या मारुतीला जाणाऱ्या आपल्या माणसांना हे पचायला जड आहे. आमच्याकडं यावर हॉटेलवर येईपर्यंत चर्चा चालली होती, शेवटी सासूबाईंनी निकाल दिला की तो मारुती वेगळा असेल.

एक हिशोब सांगते म्हणजे काळ डोळ्यांसमोर येईल. हे शहर राजधानी झालं १७८२ साली, पहिल्या रामाच्या कारकिर्दीत (तिकडच्या राजांना राम पहिला, दुसरा असंच म्हणतात, आत्ताचा दहावा). त्याच साली आपल्याकडं पेशव्यांचा आणि इंग्रजांचा सालबाईचा तह झाला. त्यांची जुनी राजधानी अयुथ्या, नाव अयोध्येवरनं, ती १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या फौजेनं जाळली, मग नदीच्या पलीकडं थोनबुरीला काही वर्षं काढली आणि मग इकडच्या काठाला आले. त्यामुळं एका दिवसात नदीचे दोन्ही काठ बघितले की ही सगळी गोष्ट बघून होते.

राजवाड्यातनं बाहेर आलात की अकरा वाजलेले असतील आणि ऊन मी म्हणत असेल. वाट फोला (वाट म्हणजे तिकडं देऊळ) लोक भिंतीच्या कडेनं चालत जातात, तुम्ही जाऊ नका. परत था चांगला या, बोट पकडा, पुढचाच धक्का था तिएन, आणि समोर वाट फो. तिकीट ३०० बाथ. आत पहुडलेला बुद्ध, ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, फोटोत मावतच नाही. सगळे चेहऱ्याचा फोटो काढतात, तुम्ही पायाकडं जा, तळव्यांवर शिंपल्याच्या जडावाची १०८ मंगलचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला १०८ काशाची वाडगी ओळीनं ठेवलीत, सुट्टी नाणी घ्यायची आणि प्रत्येकात एकेक टाकत जायचं, टिण टिण टिण असा आवाज सतत चालू असतो. जपमाळ ओढणाऱ्या बाईला १०८ हा आकडा काय सांगायचा! आमच्या सासूबाईंनी दोनदा केलं.

थाई मसाजची जुनी शाळा याच आवारात आहे. त्यांच्या मसाजचा मूळ पुरुष म्हणजे जीवक, बुद्धांचा वैद्य, असं ते मानतात, म्हणजे नाव आपल्याकडचंच. आवारात आसनं घालणाऱ्या ऋषींचे पुतळे पण आहेत, ते पण त्यांना "रुसी"च म्हणतात. गुडघ्यांसाठी सासूबाईंना पायाचा मसाज द्यायचा मोह होईल, द्या, पण दुखतं कुठं ते आधी बोट लावून दाखवा, ती मुलगी दिसायला नाजूक असते, हात मात्र उसाच्या चरकासारखा.

मग त्याच था तिएनवरनं पलीकडं जायची छोटी होडी, चार-पाच बाथ, दोन-तीन मिनिटांत वाट अरुण. अरुण म्हणजे सूर्याचा सारथी, तोच आपला. तिकीट २०० बाथ. जवळ जाऊन बघा, सगळ्या शिखरावर चिनी बशा-कपांचे तुकडे फुलांसारखे बसवलेत. चीनहून येणाऱ्या जहाजांत वजनासाठी भांडी भरून आणत, त्यातली ती. पायऱ्या फार उभ्या आहेत, सासूबाईंना खाली नदीकाठच्या सावलीत बसवा आणि तुम्ही जाऊन या. संध्याकाळी परत अलीकडं येऊन तिकडं बघायचं, दिवे लागतात तेव्हा. मग वाट फोपासनं थोडं चाललं की सनम चाय मेट्रो, स्टेशनच राजवाड्याच्या दरबारासारखं सजवलंय, आणि तिथनं न बदलता सरळ सुखुमवित स्टेशन, म्हणजे तुमचं असोकच.

आता खाण्याचं, कारण ही खरी अडचण. दिसायला भाजी असली तरी तिकडं माशाचं पाणी, नाम प्ला, मिठासारखं सगळ्यात घालतात, पपईच्या कोशिंबिरीत तर सुकी कोळंबी पण. "शाकाहारी"ला त्यांचा शब्द आहे "मांगसविरत", सावकाश म्हणून बघा, मांसविरत! पण तुम्हाला त्याच्या पुढचा शब्द पाहिजे : "जे". पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही आणि वर कांदा-लसूण पण नाही. जैन माणसाला परदेशात एवढी सोय दुसरीकडं कुठं मिळणार? फक्त बटाटा, मुळा असलं जमिनीखालचं त्यांना चालतं, ते ताटात बघून घ्या. जेची पाटी दिसली नाही तर सनम चायच्या पुढचं स्टेशन साम योत, तिथं उतरून फाहुरात नावाचा भारतीय बाजार, कापडाची दुकानं, मोठा गुरुद्वारा, आणि आपल्या पद्धतीचं जेवण. नाहीतर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात खा, मी तर दोन दिवस त्याच्यावरच काढलेत.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, त्यांचं पण यथातथाच आहे.

प्रश्न : तिकडं नमस्कार कसा करायचा? (मिरज)

उत्तर : आपल्यासारखाच, हात जोडून. तोंडानं "सवादी" म्हणायचं, हा शब्द "स्वस्ति"वरनं आलाय. पुरुषांनी पुढं "क्रप" लावायचं आणि बायकांनी "खा". दुकानातली पोरगी हात जोडून "खा, खा" करायला लागली तर खायला सांगत नाहीये ती!

प्रश्न : बँकॉक हे त्या शहराचं खरं नाव नाही असं मुलगा म्हणतो. खरं का? (तासगाव)

उत्तर : बरोबर म्हणतो. तिकडची माणसं क्रुंग थेप म्हणतात, म्हणजे देवांचं शहर. पूर्ण नाव म्हणायला लागलात तर दम लागेल, पण कान देऊन ऐका, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, विमान, अवतार, विश्वकर्मा, सगळे थोडे थोडे वाकडे होऊन त्यात बसलेत. वार पण तसेच, आदित, चान, अंगखान, फुत. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि आत समुद्रमंथनाचा प्रचंड देखावा आहे, देव एका बाजूला, दैत्य एका बाजूला, मधे वासुकी. परतीच्या घाईत लोक त्याच्यासमोरनं ट्रॉली ढकलत निघून जातात.

प्रश्न : एप्रिलच्या सुट्टीत जावं का? (इस्लामपूर)

उत्तर : एप्रिल हा तिकडचा सगळ्यात तापलेला महिना. पण १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान असतं, त्यांचं नवीन वर्ष, नाव आपल्या संक्रांतीवरनंच, आणि रस्त्यारस्त्यात पाणी उडवतात. भिजायची हौस असेल, पोरं बरोबर असतील तर जा. देवळंच बघायची असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

प्रश्न : भडंग न्यायला परवानगी आहे का? आणि फॉर्म कसला भरायचा असतो? (सांगली)

उत्तर : मी दोन पाकिटं नेली होती, कुणी विचारलं नाही, बोटीत एका आजोबांना दिलं तर त्यांनी परत हात पुढं केला. सीलबंद पाकीट न्या, ताजी फळं, भाजी, रोपं नको. आणि घरात कुणी पोरगं ती इलेक्ट्रिक सिगारेट ओढत असेल तर ती इथंच ठेवायला लावा, तिकडं त्यावर बंदी आहे. फॉर्मचं म्हणाल तर १ मे २०२५ पासनं डिजिटल अरायव्हल कार्ड लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि ते फुकट आहे. कुणी भरून द्यायचे पैसे मागितले तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, दहा मिनिटांचं काम. व्हिसाचे नियम तर सारखे बदलतात, तिकीट काढायच्या आधी त्यांच्या सरकारी साइटवर बघून घ्या.