सांध्यांची झीज, कुत्री आणि ॲक्युपंक्चर

प्रश्न : आमची लॅब्राडोर कुत्री ११ वर्षांची आहे. एक्स-रेमध्ये तिच्या दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची झीज दिसली असून पशुवैद्यांनी मेलॉक्सिकॅम हे वेदना व सूज कमी करणारे औषध सुरू केले आहे. ते बंद करून ॲक्युपंक्चर केले तर चालेल का? सुयांचा तिला त्रास होईल का?

उत्तर : औषध बंद करून नको; औषधाच्या जोडीने मात्र जरूर करून पाहावे. झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) सुयांनी भरून येत नाही. सुई टोचल्यावर शरीरात एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात आणि दुखरा पाय सांभाळताना आखडलेले पाठीचे व मांड्यांचे स्नायू सैल पडतात, एवढीच अपेक्षा ठेवावी. कुत्र्यांवर झालेले अभ्यास थोडे, लहान आणि परस्परांशी न जुळणारे आहेत.

त्रासाची भीती बाळगू नये. ही सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असते. टोचताना कुत्री क्षणभर मान वळवून पाहील, पण पुढच्या १०-२० मिनिटांत अनेक कुत्री चक्क पेंगू लागतात. बहुधा आठवड्यातून एकदा, अशा चार ते सहा बैठकांनंतर उपयोग होतो की नाही, हे ठरवता येते. तिला फिट येत असतील किंवा रक्त गोठण्याचा दोष असेल, तर ते आधीच सांगावे.

खरी अडचण वेगळीच आहे : मालकाचा डोळा फसतो. खर्च केला, वेळ दिला, की कुत्री बरी वाटू लागते (आम्हा पशुवैद्यांचेही तेच होते). म्हणून पहिल्या बैठकीपूर्वी, सकाळी ती झोपेतून उठतानाचे मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच फरशीवर पुन्हा करावे. खुबे दुखणारी कुत्री मागच्या पायांनी रेटा न देता पुढच्या पायांवर अंग ओढत उठते आणि तिची मागची नखे फरशीवर घसरतात. तो ओढा कमी झालेला दिसला, तरच फरक पडला म्हणावे.

ती स्थूल असेल, तर आधी वजनाकडे पाहावे. ते ६-७ टक्क्यांनी घटले तरी लंगडणे कमी होऊ शकते, आणि सुयांपेक्षा याचा पुरावा अधिक भक्कम आहे. मेलॉक्सिकॅमचे प्रमाण कमी करायचे झाल्यास ते चित्रीकरण दाखवून पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावे, आणि मधल्या काळात माणसांची आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी तिला अर्धीही देऊ नये.