मशीनचं डायलिसिस चांगलं की पोटाचं? वडिलांसाठी ठरवायचंय

वडिलांसाठी विचारलंय तुम्ही, पण अख्ख्या प्रश्नात त्यांना स्वतःला काय हवंय ते कुठेच नाही, म्हणून लिहायला बसले. आमच्या आईचं असंच झालं. डॉक्टरांनी दोन्ही प्रकार समजावले, मशीनचं म्हणजे हॉस्पिटलमध्ये रक्त मशीनमधून गाळून परत सोडायचं, पोटाचं म्हणजे घरीच नळीतून पोटात फ्लुइड भरायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं, आणि केबिनबाहेर पडेपर्यंत दादाने ठरवूनही टाकलं, मशीनचंच करायचं, घरात कसलं डायलिसिस, काही झालं तर बघणार कोण. आई बाकावर फाईल धरून बसली होती, तिला कुणी विचारलंच नाही, मीही नाही.

मग आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली शीर धमनीला जोडून करतात तो, आधी केलेला नव्हता आणि तो तयार व्हायला दीड-दोन महिने तरी जातात, तोवर मानेतल्या शिरेत नळी, म्हणजे कॅथेटर. दोन दिवसांचं साठलेलं पाणी चार तासांत काढायचं म्हटल्यावर तिचं बीपी पडायचं, पायात गोळे यायचे, घरी आली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून. सात महिन्यांनी तिनेच डॉक्टरांना विचारलं, ते पोटाचं अजून करता येईल का?

पोटात नळी बसवली, दोन आठवडे जखम भरू दिली, आणि मग दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटरची पिशवी मी बदलायचे. पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला मास्क, हात घासून घासून कोरडे पडलेले. निघालेली पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि तिच्यातून खालची अक्षरं वाचता येतात का बघायचं. एकदा सकाळी अक्षरं धुरकट दिसली. ताप नव्हता, पोट जेमतेम दुखत होतं, तरी ती पिशवी घेऊन तडक हॉस्पिटल गाठलं. पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचं इन्फेक्शन निघालं, अँटिबायोटिक पोटातल्या फ्लुइडमधूनच दिलं, नळी वाचली. दादा म्हणाला, मी सांगितलं होतं. अरे पण मानेतल्या कॅथेटरचं इन्फेक्शन झालं तेव्हा ती हुडहुडीने खाट हलवत होती, आणि ते काही घरात झालं नव्हतं! घरी धोका आणि हॉस्पिटलमध्ये नाही, हे मला आजही पटत नाही. पुढची तीन वर्षं आई स्वतःच्या पलंगावर झोपली, पाण्याचा घोट मोजून घेणंही बरंच सैल झालं कारण रोजचं पाणी रोज निघत होतं.

आता दुसरी बाजूही सांगते. पोटाची मोठी ऑपरेशनं झाली असतील, हर्निया असेल तर हे जमेलच असं नाही. फ्लुइडमध्ये साखर असते, डायबेटिस असेल तर शुगर वाढू शकते. स्वतः करायला नजर आणि हात धड हवेत, नाहीतर रोज करणारं माणूस हवं. एकट्या माणसाला मशीनचंच सोयीचं पडू शकतं, चार तास नर्स समोर असते. दिवसभर पिशव्या नको असतील तर रात्री झोपेत पिशव्या बदलणारं मशीनही असतं, त्याबद्दल विचारा. लघवी अजून होतेय का तेही डॉक्टरांशी बोला, कारण उरलीसुरली किडनी पोटाच्या प्रकारात सहसा जास्त टिकते.

आणि हे ठरेपर्यंत वडील ज्या हाताने लिहीत नाहीत त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईनही नको. पुढे फिस्टुला लागला तर त्याच शिरा लागतील.