हाय-रिझोल्यूशन टायमरने कोडचा वेग मोजला तर भरवसा ठेवावा का?

एकच फंक्शन विंडोजच्या क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटरने, म्हणजे बारीक वेळ मोजणाऱ्या काउंटरने, दहा वेळा मोजलं, दहा वेगळे आकडे आले, मग टायमर भरवशाचा आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. टायमरला दोष देणं आधी थांबवा.

हेच मी आमच्या टीम लीडना सांगून थकलो होतो. तारीख पार्स करणारं एक छोटं फंक्शन मी नव्याने लिहिलं होतं. प्रत्येक कॉलच्या आधी एक रीडिंग, नंतर एक, फरक फाइलमध्ये. फाइल उघडली तर ओळीने 0, 1, 0, 1, 1, 0. जुन्या कोडचंही तसंच. लीड म्हणाले, "टायमरच गंडलाय, हे मोजमाप काढून टाका," आणि माझा बदल परत पाठवला. अहो, त्या मशीनवर काउंटरची फ्रिक्वेन्सी 1 कोटी हर्ट्झ होती, म्हणजे एक टिक, काउंटर एकाने वाढायचा वेळ, 100 नॅनोसेकंदांचा. दोन्ही फंक्शनं त्याच्या आतच संपत होती!

त्या संध्याकाळी थांबलो. दोन्ही कोड 10-10 लाख वेळा लूपमध्ये फिरवले, रीडिंग फक्त लूपच्या आधी आणि नंतर. पहिल्या खेपेला नवा कोड शून्य वेळात संपला. निकाल कुठेच वापरला नव्हता, म्हणून कंपायलरने अख्खा लूपच उडवला होता. मग प्रत्येक निकाल एका बेरजेत घातला, बेरीज शेवटी छापली. एका कॉलला जुना 71 नॅनोसेकंद, नवा 43. वीस वेळा चालवलं, एक-दोन नॅनोसेकंदच इकडेतिकडे.

तुमचा पहिला आकडा मोठा असेल, कारण कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी, थंड असतो, लागणारा डेटा त्यात अजून आलेला नसतो. मधूनच उडी मारणारे आकडे शेड्युलर (प्रोग्रामना आळीपाळीने प्रोसेसर देणारा) आणि इंटरप्टचे (हार्डवेअर मधेच प्रोसेसरला थांबवतं ते). मध्यक घ्या किंवा सगळ्यात कमी आकडा. सरासरी नको, आमचे लीड सरासरीवरच अडून बसायचे आणि एका इंटरप्टने ती बिघडायची.

हां, सिस्टिमची तारीख-वेळ वापरून मोजू नका, नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा एनटीपी ती मागेपुढे सरकवतो. प्रोसेसरमधला काउंटर (टीएससी) वाचणारी आरडीटीएससी ही सूचना थेट वापरणार असाल तर प्रोसेसर सूचनांचा क्रम बदलतो हे धरून चला. जुन्या काही ड्युअल कोअर मशीनवर दोन कोअरचे काउंटर जुळत नसत, फरक चक्क उणे यायचा. लिनक्सने टीएससी सोडून एचपीईटी, म्हणजे प्रोसेसरबाहेरचा टायमर, धरला असेल तर प्रत्येक रीडिंगच महाग पडतं, तेही तपासा.

माझा तो बदल सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या नावावर कोडमध्ये गेला. मोजमाप न करता.